आज रोख, उद्या उधार

डोंबिवलीत आमच्या चाळीच्या तोंडाशी वाण्याचं दुकान होतं. गल्ल्यामागे लक्ष्मीची तसबीर आणि तिच्याखाली पत्र्याची पाटी : ‘आज रोख, उद्या उधार’. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि रोज पहाटे डबा घेऊन स्टेशनकडे पळणारे वडील दिवसभर घरात दिसू लागले. मी सात वर्षांचा होतो, जोडाक्षरं नुकतीच लागायला लागली होती. पाटी वाचली आणि हिशेब सरळ वाटला : आज पैसे नाहीत, तर उद्या जावं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दप्तरासकट दुकानात उभा राहिलो. ‘‘काका, पाव किलो गूळ द्या, उधार. काल पाटीवर उद्या लिहिलं होतं.’’ दोन-तीन गिऱ्हाइकं खो-खो हसली. काकांनी तागडीवरची नजर न काढता बोटाने पाटी दाखवली. पाटीवर अजूनही उद्याच होतं.

हा विनोद मोठ्यांना कळतो, कारण त्यांचे बहुतेक उद्या ठरल्याप्रमाणे उजाडलेले असतात. पगार एक तारखेला होतो, गॅस बुक केला की येतो, दिलेला शब्द सहसा पाळला जातो. ज्या मुलाचे उद्या असे उजाडत नाहीत, ते कसं शिकतं? मोठेपणी निर्णय कसे घेतं? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मानसशास्त्राने आणि मेंदूविज्ञानाने या प्रश्नाचा बराच पाठपुरावा केला आहे. त्यातून निघालेली उत्तरं ठाणे-कल्याणच्या माणसाला परकी वाटणार नाहीत. हा पट्टाच मोडलेल्या घड्या पुन्हा बसवत वाढला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. संपानंतर परळ-लालबागची कितीतरी कुटुंबं डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे सरकली. आंबिवलीजवळची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि एका अख्ख्या वसाहतीची एक तारीख नाहीशी झाली. या प्रत्येक घडामोडीत घरात मुलं होती, आणि ती काहीतरी शिकत होती.

थांबणारं पोर शहाणं?

साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी केलेला एक प्रयोग आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांतही हमखास सांगितला जातो. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर मार्शमेलोसारखा खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, आत्ता खाल्लंस तर हे एकच; मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. काही मुलं थांबली, काहींनी तोंडात टाकला. जी जास्त वेळ थांबली ती पुढे परीक्षांत सरस ठरली, असं मागाहून दिसलं. मग जगाने सोपा धडा काढला : संयम असेल तर यश.

सेलेस्ट किड या संशोधिकेला हा धडा पटेना. विद्यार्थिदशेत तिने बेघर कुटुंबांच्या एका निवाऱ्यात काम केलं होतं. तिथे हातातली वस्तू कोण कधी हिसकावेल याचा नेम नसे. अशा मुलासमोर हा खाऊ ठेवला तर ते लगेच खाईल, आणि तेच त्याचं शहाणपण असेल, असं तिला वाटलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. खाऊ पुढे करण्याआधी प्रत्येक मुलाला चित्र काढायला जुने, झिजलेले खडू दिले आणि सांगितलं, थोडं थांब, नवं छान साहित्य आणते. पहिल्या गटाला ते साहित्य खरंच मिळालं. दुसऱ्या गटाकडे बाई रिकाम्या हातांनी परतल्या : माफ कर, नाहीये आमच्याकडे. स्टिकरच्या बाबतीतही तसंच. मग खाऊ आला. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली आणि १४ पैकी ९ जण पूर्ण १५ मिनिटं तगले. शब्द मोडलेल्या गटाची सरासरी ३ मिनिटं, आणि शेवटपर्यंत थांबलेलं मूल एकच.

दोन्ही गटांतली मुलं सारखीच होती. फरक होता तो अर्ध्या तासात आलेल्या अनुभवाचा. दोन मोडलेल्या शब्दांनी एवढं होत असेल, तर बालपणभर मोडलेल्या शब्दांनी काय होत असेल? २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरताच थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराचसा विरून गेला. संयमाच्या खात्यावर जमा केलेलं बरंच काही मुळात घरच्या स्थैर्याचं होतं.

आपल्या म्हणींना हे कधीपासून ठाऊक आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं सांगणारा माणूस आळशी किंवा उतावळा नसतो. पळतं हाती लागत नाही हे त्याने पाहिलेलं असतं.

खोटा इंडिकेटर

हे मेंदूत घडतं कसं, ते समजायला डोंबिवली स्टेशनचा फलाट पुरेसा आहे. इंडिकेटरवर फास्ट गाडी ‘३ मिनिटं’ दिसते आणि ती तीन मिनिटांत येते. असं चार दिवस झालं की आपण इंडिकेटरवर विसंबून चहाचा घोट घेतो. एक दिवस गाडी वेळेत येत नाही, आपण चमकतो आणि अंदाज थोडा बदलतो. मेंदू बव्हंशी असाच शिकतो. काय घडेल याचा अंदाज बांधायचा, काय घडलं ते पाहायचं आणि दोन्हींतल्या तफावतीएवढी दुरुस्ती करायची. डोपामिन हे रसायन नेमकं या तफावतीचा निरोप पोचवतं, हे नव्वदच्या दशकात माकडांवरच्या प्रयोगांतून वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी दाखवलं.

आता असा फलाट डोळ्यांसमोर आणा, जिथे इंडिकेटर कधीच खरं बोलत नाही. ‘३ मिनिटं’ म्हटल्यावर गाडी कधी लगेच येते, कधी वीस मिनिटांनी, कधी रद्दच होते. काही दिवसांनी प्रवासी इंडिकेटरकडे बघणं सोडतात. ते रुळांकडे बघतात, भोंग्याकडे कान ठेवतात, गर्दी कुठल्या बाजूला हलते ते पाहतात. त्या फलाटावर हेच बरोबर असतं. पंचाईत होते ती दुसऱ्या, खऱ्या इंडिकेटरच्या फलाटावर गेल्यावर. तिथेही ते वर बघत नाहीत.

मारहाण सोसलेल्या किशोरवयीन मुलांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. कुठल्या खुणेमागे बक्षीस आहे हे ओळखायला त्यांना इतर मुलांपेक्षा जास्त वेळ लागला. बुद्धी कमी नव्हती. खूण आणि फळ यांची सांगड लवकर बसत नव्हती. अभ्यास केलास तर मार्क मिळतील, मार्क मिळाले तर नोकरी मिळेल, ही शाळेची सगळी भाषा अशा सांगडींचीच असते. ज्या घरात चांगलं वागूनही मार बसतो आणि वाईट वागूनही कधी कौतुक होतं, तिथल्या मुलाला ही भाषा परकी वाटते.

त्याच मुलांना दुसरी एक भाषा मात्र लवकर येते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सेथ पोलक यांनी मुलांना हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहऱ्यांचे फोटो दाखवले. मार खाल्लेल्या मुलांनी रागावलेला चेहरा इतरांच्या आधी, अर्धवट दिसत असतानाच ओळखला. बाप दारात चप्पल कशी काढतो यावरून आजची संध्याकाळ कशी जाणार हे ज्या पोराला कळतं, ते वर्गात फळ्याकडे कमी आणि बाईंच्या भुवयांकडे जास्त बघतं. बाई वहीत शेरा लिहितात, ‘लक्ष नाही’. लक्ष असतं, फक्त ते धोक्यावर असतं.

याची छाया पुढेही राहते. तरुणांना जुगारासारखा खेळ देऊन त्यांचा मेंदू पाहिला गेला, तेव्हा बालपण फार ताणात गेलेल्यांमध्ये तोट्याची आगाऊ खूण समोर आली तरी मेंदूची हालचाल मंद होती, आणि प्रत्यक्ष तोटा झाल्यावर ती प्रमाणाबाहेर वाढली. म्हणजे घंटा वाजते तेव्हा ऐकू येत नाही, आणि आग लागल्यावर होरपळ मात्र दुप्पट. या फरकाचा संबंध आत्ताच्या ताणाशी नव्हता, लहानपणीच्या ताणाशी होता. अशा माणसाला ‘एकदा चटका बसला तरी अक्कल येत नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. चटका त्याला इतरांहून जास्त बसलेला असतो. चटक्याआधीची धग जाणवण्यात तो मागे पडतो.

अर्थात या सगळ्या सरासऱ्या आहेत. प्रत्येक हालअपेष्टा सारखी नसते, आणि सारखी हालअपेष्टा दोन भावंडांना सारखी घडवत नाही. भूक, भीती आणि अनिश्चितता यांचे परिणाम वेगवेगळे असतात. गरीब पण शांत, नेमाने चालणारं घर आणि पैसेवालं पण भांडणांनी हादरणारं घर यांत मुलाच्या मेंदूला पहिलं घर जास्त मानवतं.

सिग्नलवरचा भागाकार

हालअपेष्टांनी मुलं फक्त गमावतात असंही नाही. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर गाडी सिग्नलला थांबली की काचेशी गजरे घेऊन एखादी नऊ-दहा वर्षांची मुलगी येते. दिवा हिरवा व्हायला किती अवकाश आहे, कुठल्या गाडीत बाई आहेत, कोण घासाघीस करणार, शंभराच्या नोटेतून तीन गजऱ्यांचे कापून किती परत द्यायचे, हे सगळं ती एका दमात करते. तिला कागद-पेन्सिल देऊन तेच गणित मांडायला सांगा, ती गप्प होते.

हा केवळ भास नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेलविजेते त्यात होते. गिऱ्हाईक बनून त्यांची माणसं जात आणि मुद्दाम वाकडं वजन मागत : २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे, आणि वर २०० ची नोट. मुलं मनातल्या मनात ३७ रुपये सांगत आणि १६३ परत देत. त्याच मुलांना पुस्तकातला साधा भागाकार दिला, तर तो तिघांतल्या जेमतेम एकाला जमला. शाळेत जाणाऱ्या मुलांचं उलटं झालं. पुस्तकी गणित बरं, आणि बाजाराचा हिशेब आला की बोटं मोजत बसली.

तेव्हा सिग्नलवरच्या मुलीला गणित येत नाही असं म्हणणं चुकीचं आहे. तिला येणाऱ्या गणितापर्यंत शाळा पोचलेली नाही. याच तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली जून २०१६ मध्ये एक शाळा सुरू झाली. ‘समर्थ भारत व्यासपीठ’ ही संस्था आणि ठाणे महानगरपालिका यांची ती ‘सिग्नल शाळा’. मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग थाटले, आणि दुष्काळी भागांतून येऊन पुलाखाली राहणाऱ्या, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या कुटुंबांची मुलं तिथे येऊ लागली. आंघोळ, गणवेश, जेवण, मग अभ्यास. पुढे इथली दोन मुलं दहावी उत्तीर्ण झाली तेव्हा बातम्यांत जिद्दीचं कौतुक झालं. ते रास्तच होतं. मला मात्र त्या रोजच्या आंघोळीचं आणि जेवणाचं जास्त वाटतं. ठरलेल्या वेळी पाणी असणं, ठरलेल्या वेळी ताट येणं, काल होत्या त्याच बाई आज असणं, यातून मुलाला वर्णमालेआधी एक गोष्ट शिकवली जाते : इथला इंडिकेटर खरा आहे.

ही कल्पना ठाण्याला नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ होत्या. बालवयातलं लग्न आणि काही महिन्यांतच आलेलं वैधव्य सोसून त्या शिकल्या होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना नावं ठेवली नाहीत. अंगणात अंगणवाडी भरवली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा नेली. तिला नावच पडलं कुरणशाळा. ज्या पोराला गुरं सोडून येणं म्हणजे घरचा मार हे पक्कं ठाऊक आहे, त्याच्यापुढे शिक्षणाने आयुष्य बदलेल हे आश्वासन ठेवून काय उपयोग? आधी त्याच्या आजचा हिशेब जुळवावा लागतो, मग उद्याचं बोलता येतं.

कालचं ओझं, आजचं ओझं

इथे एक गल्लत टाळायला हवी. गरिबीत माणूस चुकीचे निर्णय घेतो याचं सगळं खापर बालपणावरही फोडता येत नाही. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची चाचणी दोनदा घेतली गेली : तोडणीआधी, हातात पैसा नसताना, आणि नंतर, बिल मिळाल्यावर. माणूस तोच, डोकं तेच. तरी तोडणीआधी त्याची आकलनाची कामगिरी लक्षणीयरीत्या खाली होती. २०१३ च्या या अभ्यासाचं म्हणणं साधं आहे : पैशाची विवंचना डोक्यात जागा अडवून बसते आणि विचाराला उरलेली जागा कमी पडते. ओझं उतरलं की डोकं पुन्हा चालायला लागतं.

कालचं ओझं मात्र पैसा आला म्हणून आपोआप उतरत नाही. चाळीच्या नळाला पाणी कधी पहाटे चारला येई, कधी येतच नसे. आज माझ्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी असतं, तरी रात्री झोपण्यापूर्वी मी एक बादली आणि दोन कळशा भरून ठेवतो. मुलगी हसते. १९९९ मध्ये दीडपट पगाराची खासगी नोकरी चालून आली होती, ती मी घेतली नाही. मित्र म्हणाले, भित्रा आहेस. आकडेमोड केली तर ते बरोबर होते. पण माझ्या आकडेमोडीतला एक आकडा त्यांच्याकडे नव्हता : घरी बसलेल्या वडिलांची बारा महिन्यांची शांतता. माझ्याच चाळीतला, माझ्याच वयाचा एक जण नेमका उलटा गेला. हातात आलं ते उडवलं, लॉटरी झाली, भिशी बुडाली. एकाच संपातून आम्ही दोन टोकं शिकलो. मी उद्याला घाबरून तो साठवत राहिलो, आणि त्याचा उद्यावर विश्वासच उरला नव्हता.

घाव आणि देवपण

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण सत्कार समारंभांत फार ऐकू येते. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून मोठा झालेला एकजण व्यासपीठावर असतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. घावांनी किती दगड फुटले ते मोजायला त्या समारंभात कोणी नसतं.

रुमानियातल्या अनाथालयांत वाढणाऱ्या १३६ बालकांवरचा बुखारेस्ट प्रकल्प हे मोजतो. त्यांतल्या निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक कुटुंबांत ठेवलं गेलं. जी मुलं साधारण दोन वर्षांच्या आत घरात गेली, त्यांच्यात जिव्हाळा, भाषा आणि मेंदूतल्या लहरी बऱ्याच सावरल्या. उशिरा गेलेल्यांचं सावरणं अवघड झालं. लवकर केलेल्या मदतीचं मोल एवढं आहे. पण दार पुढे कायमचं बंद होतं असंही नाही. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. फार बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश धडधाकट, समंजस माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी मोठं माणूस टिकून राहिलं होतं : आजी, मावशी, शेजारी, शिक्षिका. त्यांना तारून नेण्यात घावांपेक्षा घावांच्या वेळी शेजारी बसलेल्या माणसाचा वाटा मोठा होता.

मोठेपणीही मनातली ही पाटी पुसता येते, निदान तिच्याखाली नवं लिहिता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने मनाच्या आरोग्याबद्दल चारचौघांत बोलणं या शहराच्या सवयीचं केलं. ‘मला असं का वाटतं’ हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही हे कळलं की निम्मं काम होतं. आपला इंडिकेटर लहानपणी बिघडला होता हे ज्याला उमगतं, तो निदान एकदा मान वर करून बघतो.

मुलांसाठी काय करायचं, हे त्याहून सोपं आहे आणि म्हणूनच राहून जातं. न पाळता येणारा शब्द द्यायचा नाही. छोटा द्यायचा आणि पाळायचा. थांबायला शिकवायचं तर आधी पाच मिनिटांचं थांबणं फळाला येऊ द्यावं, मग अर्ध्या तासाचं. शिक्षा-कौतुकाचा नियम आज एक, उद्या दुसरा असू नये. मनातल्या मनात सुट्टे पैसे मोजणाऱ्या पोराला, त्याला आधीच येणाऱ्या हिशेबावरून भागाकाराकडे न्यावं.

गुळाची गोष्ट अर्धीच सांगितली. त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी आलो. आईला दुकानातलं हसू सांगितलं. तिने फडताळातून एक लहान वही काढली, लाल पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली, आणि माझ्या हातात दिली. पुन्हा दुकानात गेलो. काकांनी या वेळी पाटीकडे बोट दाखवलं नाही. वही उघडली, आमच्या नावाच्या पानावर गेले, गूळ तोलला, तारीख टाकून लिहिला, आणि वर एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. संपाचं ते अख्खं वर्ष आमचं घर त्या वहीवर चाललं. पाटी शेवटपर्यंत तिथेच होती. मी ती वाचायचं सोडून दिलं.